डोंगराचा दोर आणि खाणीतली पाळी



पर्वतारोहणाच्या कथांना अलीकडे एक नवे गिऱ्हाईक मिळाले आहे. पूर्वी या कथा शाळकरी मुले वाचीत, फार तर एखादा हौशी भटक्या वाचीत असे. आता कारखाने आणि कंपन्या त्या विकत घेतात. एव्हरेस्ट चढून आलेल्या माणसाला सन्मानाने बोलावतात, पडद्यावर बर्फाची चित्रे दाखवतात आणि समोर बसलेल्या नोकरवर्गाला सांगतात, ‘पाहा, हे लोक जसे एका दोराने बांधलेले असतात, तसे तुम्ही वागा.’ कोठे कोठे याच्याही पुढे जाऊन माणसांना दोन दिवस डोंगरावर नेतात, कडा उतरावयास लावतात, डोळे बांधून एकमेकांचा हात धरून चालावयास लावतात. याला ‘टीम बिल्डिंग’ असे नाव आहे. अनुभवातून शिक्षण, असे त्याचे शास्त्र सांगितले जाते.

कामगार संघटनेत वर्षे घालवलेल्या माणसाने या गोष्टीची थट्टा करावी अशी अपेक्षा असते. मी ती करणार नाही. ज्याने खाणीत एकदा तरी पाळी केली आहे, त्याला सोबत्याच्या भरवशाचे मोल डोंगराने शिकवावे लागत नाही. आणि ज्याला ते मोल ठाऊक आहे त्याला डोंगरावरची गोष्ट खोटी वाटणारही नाही. माझे म्हणणे एवढेच की, या कथा अर्ध्या सांगितल्या जातात. त्यांचा उरलेला अर्धा भाग इतिहासात आहे, आणि तो आपल्या वरोऱ्यापासून फार दूर नाही.

प्रथम दोराचीच गोष्ट घेऊ. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर आणि त्याचे सहा सोबती आल्प्समधील मॅटरहॉर्न या शिखरावर पहिल्यांदा पोचले. सातांपैकी तिघे पोटासाठी वाट दाखवणारे वाटाडे होते : मिशेल क्रो आणि ताउगवाल्डर पितापुत्र. उतरताना हॅडो नावाच्या नवशिक्या तरुणाचा पाय घसरला, त्याने क्रोला खाली लोटले, आणि त्यांच्या मागचे दोघे त्या हिसक्याने ओढले गेले. थोरल्या ताउगवाल्डरच्या पुढे दोर तुटला. चौघे गेले, तिघे वाचले.

आता चौकशीत काय निघाले ते पाहा. सोबत तीन तऱ्हेचे दोर होते. जो तुटला तो त्यांतला सर्वांत कच्चा होता. मजबूत दोर होता, पण तो त्या जागी वापरला नव्हता. आणि संशय मात्र कोणावर आला? थोरल्या ताउगवाल्डरवर. त्याने जीव वाचवण्यासाठी दोर कापला, अशी कुजबूज उठली. चौकशीने त्याला दोषमुक्त केले, तरी त्या गरीब वाटाड्याच्या मागची कुजबूज थांबली नाही. अपघात झाला की प्रथम मजुराची चूक शोधावयाची आणि साहित्याचा विचार मागाहून करावयाचा, ही रीत काही आपल्याकडेच जन्मलेली नाही. तेव्हा ‘एका दोराने बांधलेले’ हे वाक्य ऐकताच कामगाराने पहिला प्रश्न असा विचारावा : दोर कोणता वापरला आहे, आणि तो कोणी निवडला?

अनुभवातून शिक्षण या विचाराचा उगम पाहू. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या ब्रिटनची व्यापारी जहाजे बुडवीत होत्या. जहाज बुडाल्यावर खलाशी होडीत उतरत, आणि तेथे एक चमत्कारिक गोष्ट दिसे. तरुण, धडधाकट खलाशी हिंमत हरून मरत आणि वयाने मोठे, शिडाच्या जहाजांवर मुरलेले खलाशी तग धरीत. लिव्हरपूलच्या ब्लू फनेल या जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांना हे सलू लागले. कुर्ट हान हे जर्मन शिक्षणतज्ज्ञ हिटलरच्या विरोधात बोलल्यामुळे १९३३ मध्ये तुरुंगात पडले होते आणि सुटल्यावर ब्रिटनमध्ये आले होते. या दोघांनी मिळून १९४१ मध्ये वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ ही शाळा काढली. बंदर सोडून समुद्राकडे निघालेले जहाज, असा त्या नावाचा अर्थ. सुमारे महिनाभराच्या शिक्षणक्रमात मुले समुद्रावर जात, डोंगर चढत, एकमेकांना वाचवण्याचे शिक्षण घेत. युद्ध संपल्यावर ब्रिटनमधील कारखाने आपले उमेदवार कामगार अशा शाळांत धाडू लागले. आजच्या ‘टीम बिल्डिंग’चे मूळ ते हे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ही शाळा निघाली ती नफा वाढवण्यासाठी नव्हे, साहेबलोकांचा कंटाळा घालवण्यासाठी तर मुळीच नव्हे. खलाशी हा कामगार. तो कामावर असताना मरू नये म्हणून ती निघाली. जेथून या विचाराचा उगम झाला तेथे कामगाराचा जीव होता. पुढे प्रवाह मोठा झाला आणि उगम दिसेनासा झाला.

पण आपण वेल्सपर्यंत तरी कशाला जावे? त्याच्या चार वर्षे आधी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, आपल्या वरोऱ्याच्या रेल्वेने गाठता येणाऱ्या वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि ‘नई तालीम’चा विचार देशापुढे आला. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. हाताने करावयाच्या उत्पादक कामातून बुद्धी वाढवावयाची, असे तिचे सूत्र होते. हान आणि गांधीजी दोघेही पुस्तकी विद्येला कंटाळलेले. पण दोघांत भेद आहे. हान यांच्या शाळेत संकट मुद्दाम आणावे लागते. मुलाला डोंगरावर नेऊन त्याची कसोटी पाहावी लागते. नई तालीम म्हणते, रोजचे काम हीच कसोटी आणि तीच शाळा. पहिल्या रीतीत माणूस अनुभव घेऊन घरी परततो. दुसरीत तो अनुभवातच राहतो.

या दुसऱ्या रीतीचा सर्वांत मोठा प्रयोग वरोऱ्याच्या वेशीवर झाला. बाबा आमटे येथे वकिली करीत होते, नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांची संघटना त्यांनी बांधली, आणि ‘आमचे काम करून पाहा’ हे आव्हान आले तेव्हा मैल्याची पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली. अनुभवातून शिक्षण म्हणतात ते याहून निराळे काय असणार? एका दिवसाची हौस म्हणून त्यांनी हे केले नाही. महिनोन्‌महिने ती पाटी वाहिली. पुढे कुष्ठरोग्यांना घेऊन त्यांनी खडकाळ रानात आनंदवन उभे करावयास घेतले आणि १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते त्याचा आरंभ झाला. झडलेल्या बोटांच्या माणसांनी तेथे विहिरी खणल्या. ज्याची बोटे शाबूत त्याने पहार धरली. ज्याचे पाय शाबूत त्याने माती वाहिली. कोणाच्या अंगी काय उणे आहे हे मोजण्यापेक्षा काय शिल्लक आहे ते पाहून काम वाटले गेले. जूट बांधण्याचे याहून चांगले शास्त्र मला तरी कोणत्या ग्रंथात सापडलेले नाही.

त्याच दशकात पिअर सेरेसोल यांच्या ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचे नाना देशांचे तरुण स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले आणि त्यांनी दवाखान्याच्या इमारती बांधण्यात हात दिला. तोवर आनंदवनातली भाजी घेण्यास गावचे लोक कचरत असत. परदेशची गोरी मुले तेथे राहतात, जेवतात, चिखल तुडवतात, हे पाहिल्यावर भीती हळूहळू ओसरली. अनुभव घेतला स्वयंसेवकांनी आणि शहाणपण आले गावाला! पुढे मूल तालुक्यात सोमनाथला बाबांनी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्यातले आपल्याकडचे ऊन काय असते ते तुम्हाला सांगावयास नको. त्या उन्हात महाराष्ट्रभरची तरुण मुले कुदळ-फावडे घेऊन राबली. त्यांच्यापैकी कित्येकांच्या आयुष्याची दिशा तेथे बदलली.

आता शिखराकडे वळू. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले. व्याख्यानांतून सांगतात ती गोष्ट या दोघांची. परंतु जॉन हंट यांच्या त्या मोहिमेत काठमांडूहून साडेतीनशेहून अधिक हमालांनी ओझी वाहिली होती. तीन दिवस आधी, २६ मे रोजी, बोर्डिलन आणि इव्हान्स ही पहिली जोडी शिखराच्या अवघ्या तीनशे फूट खालपर्यंत जाऊन परतली. त्याच दिवशी स्वतः नायक हंट आणि दा नामग्याल शेर्पा यांनी पाठीवरून सामान नेऊन २७,३५० फुटांवर ठेवले. दोन दिवसांनी लो, ग्रेगरी आणि आंग न्यिमा यांच्या सोबतीने हिलरी-तेनसिंग यांनी ते उचलून आणखी वर नेले. परतलेल्या पहिल्या जोडीने मागे ठेवलेली प्राणवायूची नळकांडी उतरताना या दोघांच्या उपयोगी पडली. ही खरी जूट. ज्याला शिखर मिळाले नाही त्याचेही ओझे शिखरापर्यंत पोचले होते.

तथापि याच मोहिमेच्या आरंभी काठमांडूत काय घडले होते? ब्रिटिश वकिलातीच्या आवारात साहेबांना निजावयास खोल्या मिळाल्या आणि शेर्पांना मोटारखान्याची जमीन. तेथे शौचाचीही सोय नव्हती. शेर्पा संतापले आणि दुसऱ्या सकाळी वकिलातीसमोरच उघड्यावर लघवी करून त्यांनी आपला निषेध नोंदवला. जगाच्या डोक्यावर एका दोराने बांधून जावयाचे होते त्या लोकांमध्ये पायथ्याशी एवढे अंतर होते. मोहीम यशस्वी झाल्यावर ‘आधी पाय कोणाचा पडला’ या प्रश्नाने जगाने पुष्कळ गोंधळ घातला. दोघांनी मिळून, आम्ही जवळजवळ एकदमच पोचलो, असे निवेदन दिले. १९५५ मध्ये आपल्या आत्मकथेत तेनसिंग यांनी हिलरी काही पावले पुढे होते हे साधेपणाने सांगून टाकले. श्रेयाचा हिशेब मांडणारे सगळे बाहेरचे होते. दोराला बांधलेल्यांना तो हिशेब नको होता.

१९५४ मध्ये दार्जिलिंगला गिर्यारोहण संस्था निघाली आणि तेनसिंग तेथे शिक्षक झाले. डोंगर ही आपल्याकडेही शाळा झाली. १९८४ मध्ये बचेंद्री पाल एव्हरेस्टवर पोचणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या आणि त्याच वर्षी जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याने साहसाच्या शिक्षणासाठी संस्था काढून तिची धुरा त्यांच्याकडे सोपवली. तेथून कारखान्यातील माणसे हिमालयात जाऊ लागली. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेने २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली एव्हरेस्टची मोठी नागरी मोहीम केली आणि २०१९ मध्ये कांचनगंगा सर केले. अशा मोहिमांमुळे या कथा मराठीत, आपल्या माणसांच्या तोंडून ऐकू येऊ लागल्या, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

परंतु या कथांच्या मालिकेतले एक प्रकरण कंपन्यांच्या सभागृहांत सांगितल्याचे मी ऐकलेले नाही. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळला आणि १६ नेपाळी कामगार मृत्युमुखी पडले. ते वरच्या तळांसाठी सामान नेत होते. नेपाळ सरकारने अंत्यविधीसाठी म्हणून प्रत्येक कुटुंबाला ४०,००० नेपाळी रुपये देऊ केले. शेर्पा जमले, त्यांनी विम्याची आणि नुकसानभरपाईची रक्कम वाढवण्याची मागणी केली आणि त्या हंगामात पुढे चढण्यास नकार दिला. तो हंगाम तेथेच संपला. आपण ज्याला संप म्हणतो तो जगातल्या सर्वांत उंच ठिकाणी झाला. दोराला बांधलेले लोक एकमेकांसाठी उभे राहिले की काय घडते, याचा हा धडा आहे; जूट शिकवणाऱ्याने तो वगळू नये.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले : मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम. ‘मिशन शौर्य’ या नावाने आदिवासी विकास विभागाने आणि जिल्हा प्रशासनाने ही मोहीम आखली. मुलांचे शिक्षण ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झाले. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लडाख असे टप्पे घेत ते झाले. ज्यांनी बर्फ कधी पाहिला नव्हता ती ही रानातली मुले नऊ-दहा महिन्यांत तेथवर गेली. या घटनेचे आपण कौतुक केले, मिरवणुका काढल्या; ते योग्यच होते. पण तिच्यातला धडा मला वेगळा दिसतो. ही मुले काही एखाद्या भाषणाने पेटून उठली नाहीत. त्यांना महिनोन्‌महिने शिक्षण मिळाले, पुरेसा आहार मिळाला, चांगली साधने मिळाली, आणि अनुभवी माणसे त्यांच्या पुढे-मागे चालली. तेवढे दिले की आश्रमशाळेतले मूल एव्हरेस्ट चढते. मग तेवढेच न देता जे मूल शाळेतून गळते, त्याच्या अंगी जिद्द नव्हती असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरतो काय?

हाच प्रश्न कामाच्या जागी विचारावयाचा आहे, आणि त्यासाठी मला तुम्हाला जमिनीखाली न्यावे लागेल.

वरोऱ्याची कोळशाची खाण जुनी. १८७० च्या दशकात सरकारने ती चालवली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली, आणि १९०६ मध्ये ती बंद झाली. खाणी नंतर बल्लारपूर, माजरी, वणी अशा पसरल्या. खाणकामगाराला जूट कोण शिकवते? छत शिकवते. पाळी सुरू होताना जुना माणूस सळईने छत ठोकून पाहतो. घट्ट दगड खणखणीत बोलतो आणि सुटलेला दगड पोकळ बोलतो. त्या आवाजावर पाच-दहा जणांचा जीव टांगलेला असतो, आणि तो आवाज नव्या पोराच्या कानाला ओळखता येईपर्यंत जुना माणूस त्याला एकटा सोडत नाही. हेही अनुभवातूनच शिक्षण. त्याला मात्र प्रमाणपत्र नाही.

खाणीतल्या बचाव पथकाची रीत तर गिर्यारोहकांशी तंतोतंत जुळते. पाच-सहा माणसांचे पथक प्राणवायूची उपकरणे बांधून विषारी हवेत शिरते. नायक वरचेवर प्रत्येकाचे मापक पाहतो. परत केव्हा फिरावयाचे, हे ज्याच्याजवळ सर्वांत कमी वायू उरला आहे त्याच्यावरून ठरते. सर्वांत बळकट माणसावरून नव्हे. एकाचे उपकरण बिघडले तर सगळे पथक मागे फिरते. चाल सर्वांत दुबळ्याच्या बेताची ठेवावयाची, हे डोंगराचे आणि खाणीचे सामाईक सूत्र आहे. आणि हेच सूत्र आजच्या धंद्यात सर्वांत आधी मोडले जाते, कारण तेथे चाल ठरते ती कोट्यावरून.

१३ नोव्हेंबर १९८९ रोजी राणीगंजजवळच्या महावीर खाणीत जुन्या पाण्याने भरलेल्या भागातून पाणी शिरले. जमिनीवरून नवे भोक पाडून, पोलादी पिंजरा तयार करून, खनन अभियंते जसवंतसिंग गिल स्वतः आधी खाली उतरले आणि १६ नोव्हेंबरला ६५ जणांना एकेक करून वर पाठवले. नायक आधी खाली गेला आणि शेवटी वर आला. सभागृहात नेतृत्वावर व्याख्यान द्यावयाचे तर एव्हरेस्ट कशाला? पण उलट बाजूही विसरू नये. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाड्याकडील न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरून ६३ जण गेले. तेव्हा वरोराही त्याच मध्य प्रदेश राज्यात होते. २७ डिसेंबर १९७५ रोजी चासनाला येथे ३७५ जण गेले. त्या माणसांत जूट नव्हती असे कोण म्हणेल? जूट होती, पण पाण्याला जुटीचे काय! पाणी अडते ते भिंतीच्या जाडीने आणि अचूक नकाशाने. आणि या दोन गोष्टी मजुराच्या हातात नसतात.

डोंगराच्या कथा ऐकवण्यामागे कोठे कोठे एक हेतू लपलेला असतो : जे साहित्याने, वेतनाने, पुरेशा माणसांनी भागवावयाचे, ते भावनेने भागवावे. एका कारखान्यात मी पाहिले आहे. जुटीचे शिबिर झाले, सर्वांना एका रंगाचे सदरे वाटले. कंत्राटी कामगारांना मात्र ते मिळाले नाहीत, कारण ते ‘आपल्या रजिस्टरात’ नव्हते. तीच माणसे कायम कामगारांच्या शेजारी, त्याच यंत्रावर, कमी मजुरीत काम करीत होती. दोर सगळ्यांना बांधला आहे असे सांगावयाचे आणि निम्म्यांना बांधावयाचाच नाही, अशी ही जूट. डोंगरावर असा प्रकार केला तर पहिल्याच घसरणीत सत्य कळते. कारखान्यात ते कळावयास वर्षे लागतात.

अनुभवातून शिक्षण या विषयावर डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, नुसता अनुभव पुरत नाही. त्यावर विचार करावा लागतो, विचारातून नियम काढावा लागतो आणि तो नियम पुन्हा कामात करून पाहावा लागतो. शिबिरांत पहिल्या दोन-तीन पायऱ्या होतात. चौथी पायरी कामाच्या जागीच चढावी लागते, आणि तेथे दार बंद असते. डोंगरावर शेवटचा माणूस ‘थांबा’ म्हणाला की सगळे थांबतात, हे शिकून आलेला कामगार सोमवारी पाळीवर जातो. छत पोकळ बोलते आहे, काम थांबवा, असे तो म्हणाला, तर काम थांबते काय? त्याला शाबासकी मिळते की नोटीस? या प्रश्नाच्या उत्तरावर त्या शिबिराची खरी किंमत ठरते. १९५५ च्या खाण नियमांत पुढे कामगार-निरीक्षक आणि सुरक्षा समिती यांची तरतूद आली, ती ही चौथी पायरी बांधण्यासाठीच. ती आपोआप आली नाही. न्यूटन चिखली, चासनाला अशा जागी गेलेल्या माणसांची किंमत देऊन ती आली.

तात्पर्य, डोंगराच्या कथा सांगाव्यात, अवश्य सांगाव्यात. तरुण पोरांना डोंगरावर न्यावे. भीती म्हणजे काय आणि भरवसा म्हणजे काय, हे तेथे लवकर समजते. फक्त कथा पुरी सांगावी. तेनसिंगबरोबर दा नामग्यालचे नाव घ्यावे. शिखराबरोबर मोटारखान्यातली जमीनही सांगावी. शिबिराला नेताना कायम आणि कंत्राटी असा भेद करू नये. आणि परत आल्यावर, सर्वांत खालच्या माणसाच्या ‘थांबा’ या शब्दाला डोंगरावर जो मान होता, तोच खाली द्यावा.

हे जेथे मान्य असेल तेथे आमची संघटना स्वतः दोर धरावयास येईल. आणि हे जेथे मान्य नसेल, तेथे कामगारांनी आपली जूट आपणच बांधावी. ती कशी बांधतात याचे शिक्षण घ्यावयास वरोऱ्याच्या माणसाला दूर जावे लागत नाही.